चिमटीतले कापड

जुलै महिन्यातल्या एका दुपारी आई माझ्याजवळ सोप्यावर येऊन बसली आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहत म्हणाली, "कुणाचं लुगडं गं ते?" फोनच्या पडद्यावर दूरदेशीच्या एका संग्रहालयाने मांडलेले, चौकड्यांच्या एका सुती कापडाचे छायाचित्र होते आणि मी ते मोठे करून त्याचे धागे पाहत होते. आईला नीट दिसावे म्हणून मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा सारखा केला नाही, डोळे बारीक केले नाहीत, पुढे काही विचारलेही नाही. अंगठा आणि तर्जनी पुढे करून ती त्या कापडाची कड चिमटीत धरायला गेली. कापडाच्या दुकानात ती आजवर जे करत आली, तेच तिने केले. बोटे काचेला लागताच चित्र एकदम आक्रसले, बाजूला सरकले आणि त्याच्या जागी दुसरेच काहीतरी आले. आईने हात मागे घेतला. "पळालं की," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "हात लावू देत नाही ते कसलं कापड?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऐंशी ओलांडलेल्या बाईने एखादी गोष्ट पाहावी आणि तिच्याविषयीचे आपले मत सांगावे, इतकेच ते होते. सांगून ती उठली आणि आत दोरीवर टाकलेले कपडे सुकले की नाही ते चाचपायला गेली. मी मात्र फोन हातात धरून तशीच बसून राहिले. गेली दोन वर्षे, रात्रीची भांडी आवरून झाली की मी असली चित्रे पाहत आले आहे. माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा आजीने शिवलेली वाकळ हाती लागली, ती कधीची आणि कशाची असेल या उत्सुकतेने शोध सुरू झाला, आणि वाकळीवरून काठांकडे, काठांवरून मागांकडे, मागांवरून रंगांकडे अशी मी वाहत गेले. आपल्याला आता कापड कळू लागले आहे, असा एक समज त्या दोन वर्षांत माझ्या मनात घर करून बसला होता. आईच्या एका वाक्याने त्या समजाची टीप उसवली.

लहानपणी आईबरोबर फोंड्याच्या बाजारात कापड घ्यायला जाणे हा माझ्यासाठी एक सोहळा असे. दुकानदार गादीवर बसून ताग्यामागून तागा उलगडत जाई आणि आई कड चिमटीत धरून हळूहळू चोळत राही. त्या वेळी ती कापडाकडे पाहत नसे. तिची नजर रस्त्यावर, समोरच्या फुलवालीकडे किंवा अगदी कुठेच नाही अशी असे, आणि चेहऱ्यावर लांबचे काही ऐकू येत असल्यासारखा भाव असे. मग ती कापड मुठीत आवळून सोडून देई आणि पडलेली चुणी किती वेळात उलगडते ते बघे. बोटांना पांढरी भुकटी लागली तर "खळ आहे नुसती" एवढेच म्हणून तो तागा परत सारी. रंग, नक्षी आणि किंमत यांचा विचार सगळ्यांत शेवटी. पोत हा शब्द मी पुस्तकात वाचण्यापूर्वी अशा दुकानांत, तिच्या बोटांकडे बघत शिकले. मुलायम, तलम, भरड, खरखरीत, सुळसुळीत, तुळतुळीत, मऊसूत: आपल्या भाषेने कापडासाठी किती शब्द साठवून ठेवले आहेत, आणि ते जवळजवळ सगळे बोटांतून आलेले आहेत. 'मऊसूत' या शब्दात तर सूतच येऊन बसले आहे.

आणि त्याच चिमटीने मी आता चित्र मोठे करते. बोटे एकमेकांपासून दूर नेली की धागा जवळ येतो, जवळ आणली की तो दूर जातो. आईची चिमटी मिटली आणि कापड पळाले, ते म्हणूनच.

पडद्याने मला जे दिले ते थोडे नाही, हेही मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्याकडची सुमारे ३ लाख ७५ हजार छायाचित्रे कुणालाही मुक्तपणे वापरता येतील अशी खुली केली. त्यांतली कापडे पाहायला मला ना विमानाचे तिकीट लागले, ना कुणा अधिकाऱ्याची परवानगी. काही नोंदींत कापडाची उलटी बाजूही दाखवलेली असते, आणि ज्या बाईला शिवणकाम शिकवले गेले आहे तिला उलट्या बाजूचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. माझी आजी कुणाचेही भरतकाम पाहताना आधी ते पालथे करी. सुलट बाजू हौसेची असते, उलट बाजूला हात दिसतो, असे ती म्हणत असे. काचेच्या कपाटात उभे टांगलेले कापड मला कुणीही उलटून दाखवले नसते. इथे मात्र चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने गाठ कुठे मारली आणि दोरा संपला तेव्हा नवा कुठून घेतला, हे मी मध्यरात्री आमच्या स्वयंपाकघरात बसून पाहिले आहे.

वीण वाचायलाही मी इथेच शिकले. रॅल्फ ग्रिस्वोल्ड नावाचे एक अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ होते. १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्नोबोल ही संगणकभाषा घडवणाऱ्यांमध्ये ते प्रमुख होते आणि पुढे १९७१ मध्ये त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. उतारवयात ते विणकामाकडे ओढले गेले. विणकामावरची जुनी पुस्तके, मासिके आणि विणीचे आराखडे गोळा करून, पानापानाची प्रतिमा घेऊन त्यांनी ती सर्वांसाठी आंतरजालावर ठेवायला सुरुवात केली. २००६ मध्ये ते वारले, पण तो साठा आजही वाचता येतो. चौकटींच्या कागदावर उभा धागा आडव्याच्या वरून गेला की चौकोन काळा, खालून गेला की पांढरा, एवढी साधी लिपी. साध्या विणीचा आराखडा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. तिरक्या विणीत काळे चौकोन जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकेक घर सरकत वर चढतात. हे समजल्यावर मी घरातले पंचे, चादरी, पिशव्या, बाबांची जुनी पँट असे सगळे भिंगाखाली धरून वाचत सुटले होते. आयुष्यभर अंगावर वागवलेली अक्षरे पन्नाशीनंतर वाचता यावीत, याचा आनंद मला फार झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

त्या रात्रींमध्ये मला भेटलेल्या कापडांपैकी सतराव्या शतकातला एक कोल्शा मनातून जात नाही. कोल्शा म्हणजे पोर्तुगीज भाषेत पलंगपोस. बंगालात सातगाव आणि हुगळी इथले कारागीर पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने पोर्तुगिजांसाठी हे पलंगपोस भरत असत: शिकारी, गलबते, पुराणांतल्या आणि बायबलातल्या कथा, आणि कडेने दाट वेलबुट्टी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या एकावर राजा सॉलोमनची गोष्ट आहे. ती कापडे लिस्बनकडे निघत तेव्हा त्या व्यापाराची राजधानी आमचा गोवा होता. काज, फीत, इस्त्री हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले आणि आपल्या शिवणाच्या डब्यात कायमचे राहिले, हे आपण सारे जाणतो. त्या बदल्यात इथल्या बोटांनी काय काय तिकडे नेले, ते मी त्या पिवळ्या रेशमावर पाहत होते. बायबल कधीही न वाचलेल्या कारागिराने सॉलोमनच्या डोक्यावर कसला मुकुट घालायचा ते कसे ठरवले असेल? त्याला कुणी चित्र दाखवले असेल, आणि ते चित्र पाहताना त्याची बोटेही अशीच कागदावरून फिरली असतील का?

मात्र आईच्या वाक्याचा खरा काटा मला बोचला तो फोर्ब्स वॉटसनच्या खंडांपाशी. तिने चिमटीत धरायला घेतलेले कापड त्याच मालिकेतले होते. जॉन फोर्ब्स वॉटसन हा स्कॉटिश डॉक्टर. मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत काही वर्षे काढून तो लंडनला गेला आणि भारतातल्या उत्पादनांचा अहवाल ठेवणारा अधिकारी झाला. १८६६ मध्ये त्याने भारतीय कापडांच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत ७०० नमुने होते, छापलेले नव्हे, खऱ्या कापडाचे कापून चिकटवलेले तुकडे, आणि शेजारी लांबी, रुंदी, वजन, कुठून आले ते. असे २० संच केले गेले. १३ ब्रिटनमध्ये वाटले आणि ७ भारतात पाठवले. लँकशायरच्या गिरणीमालकांना भारतातल्या माणसांना कोणते कापड आवडते ते घरबसल्या कळावे आणि त्यांनी तसे विणून इथे आणून विकावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. यासाठी चित्रे पुरेशी नाहीत, व्यापाऱ्याला आणि विणणाऱ्याला कापड हाताळता आले पाहिजे, हे त्याला नेमके उमगले होते. आपल्या पुस्तकांना तो वीस फिरती संग्रहालयेच मानत होता.

म्हणजे पोत म्हणजे काय हे त्या परक्या अधिकाऱ्याला आईइतकेच ठाऊक होते, आणि ते त्याने आपल्या मागांच्या विरोधात वापरले.

हे वाचल्यावर त्या खंडांकडे स्वच्छ मनाने पाहणे मला जमत नाही. वीस संचांसाठी वीस तुकडे हवेत म्हणून पुरी लुगडी, पुरी पागोटी कात्रीखाली गेली. कुणीतरी काठ आणि पदर यांचा मेळ डोक्यात धरून महिनामहिना मागावर बसून जे विणले, त्याचा पदर एका गावी आणि अंग दुसऱ्या गावी गेले. तरीही, ती कात्री चालली नसती तर त्यांतले काहीही आज उरले नसते, हेही मला दिसते. इंग्लंडमधले प्रेस्टन हे सूतगिरण्यांचे गाव, सूतकताईच्या यंत्रामुळे नाव झालेल्या रिचर्ड आर्कराइटचे जन्मगाव. तिथल्या हॅरिस संग्रहालयातला संच आता आंतरजालावर पानापानाने पाहता येतो. ज्या कारणासाठी चित्रे टाळून खरे कापड चिकटवले, ते कारण गळून पडले आणि त्या कापडांची पुन्हा चित्रेच झाली. दीडशे वर्षांनी माझ्यापर्यंत पोहोचले ते वजन नसलेले, वास नसलेले, बोट लावताच पळणारे कापड. माझ्या मनात राग आणि कृतज्ञता अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, आणि कुठली उभी आणि कुठली आडवी ते मला अजून ओळखता आलेले नाही.

कापड टिकते तरी कुठे, याचा विचार मी अलीकडे वारंवार करते. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठेने रंगवलेला सुती कापडाचा अवशेष सापडला. धातूच्या क्षारांनी तो हजारो वर्षे सांभाळला. गुजरातेत ठशांनी छापलेली मध्ययुगीन सुती कापडे गुजरातेत उरली नाहीत, ती निघाली जुन्या कैरोत, फुस्तातच्या कचऱ्याच्या ढिगांत. इजिप्तच्या कोरड्या मातीने ती जपली. पर्सी न्यूबेरी नावाच्या अभ्यासकाने जमवलेले तसले बाराशेहून अधिक तुकडे १९४६ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाला मिळाले. त्यांतले कितीतरी पुन्हा पुन्हा शिवलेले, ठिगळ लावलेले, म्हणजे कुणाच्या तरी अंगावर शेवटपर्यंत वापरलेले आहेत. आमच्याकडे ना तशी माती, ना तशी हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घामेजतात, ट्रंकेतल्या कपड्यांना दमटाचा वास धरतो, एका पावसाळ्यात दुर्लक्ष झाले की घडीवर बुरशीचे राखाडी ठिपके आणि दुसऱ्यात कसरीची भोके. पण आमच्या घरातली कापडे हवेने नेली असे म्हणणे खोटे होईल. ती आम्ही वापरून संपवली. लुगडे विटले की त्याचे जुनेर झाले, जुनेराचे बाळाचे दुपटे किंवा वाकळीचा थर, वाकळ फाटली की तिच्या चिंध्यांतून भांडी धरायची फडकी, आणि सगळ्यांत शेवटी पोतेरे. पोत आणि पोतेरे हे दोन शब्द मी शेजारी शेजारी लिहिते तेव्हा मला एका लुगड्याचे सबंध आयुष्य दिसते. गरिबाघरचे, रोजचे कापड संग्रहालयात का नसते, त्याचे उत्तर आमच्या मोरीच्या कोपऱ्यात वाळत पडलेले असे.

वाकळ मात्र राहिली, कारण ती आजीने आईच्या पहिल्या बाळंतपणासाठी शिवली होती आणि आईने ती कधी कुणाला दिली नाही. त्या जुलैच्या दुपारनंतर चारपाच दिवसांनी पावसाने उघडीप दिली तेव्हा मी ती ट्रंकेतून काढून सोप्यावर पसरली. संग्रहालयांच्या नोंदी वाचून वाचून मला तशी नोंद करायची इच्छा झाली होती. लांबी १८२ सेंटीमीटर, रुंदी १२४, वजन तांदूळ मोजायच्या काट्यावर १ किलो ९०० ग्रॅम. धावदोरा बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असा आत आत जात मध्यावर संपतो. इथून घाट ओलांडून गेले की हल्याळ आणि यल्लापूरच्या रानांतल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच कडेकडून आत. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून ज्यांना आफ्रिकेतून गोव्यात आणले, त्यांतले कितीएक निसटून त्या रानांत गेले. त्यांच्या वंशातल्या या बायका. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे 'फुला' लावतात आणि ते नसले तर कवंदी उघडीबोडकी वाटते, असे त्या मानतात. आजीच्या वाकळीला फुले नाहीत. पण चार कोपऱ्यांवर तिने लाल कापडाचे तिकोनी तुकडे टाचले आहेत, कोपरा आधी झिजतो म्हणून असेल किंवा तिला ते तसे बरे दिसले म्हणून असेल.

आई पाट घेऊन शेजारी बसली. तिला आता दोन डोळ्यांपैकी एकानेच बरे दिसते, आणि त्याचाही ती या कामी उपयोग करत नव्हती. वाकळीवरून हात फिरवत, एकेक तुकडा चिमटीत धरून ती सांगत गेली आणि मी वहीत लिहीत गेले. हे सासूबाईंचं रोजचं. हे मोठ्या जाऊबाईंचं, त्यांना भरड चालत नसे. हा परकराचा घेर, माझ्याच. मध्येच एक निसटता, काचेसारखा थंड तुकडा लागला तेव्हा ती हसली. १९५५ पासून भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, घाटावरून येणारा माल अडला, आणि बाजारात आगबोटीने आलेले परदेशी कापड दिसू लागले, त्या दिवसांतला तो नायलॉनचा तुकडा. तिच्या वडिलांनी पणजीहून आणला होता. घामाला वाईट, पण मिरवायला छान, असे तिने त्याचे वर्णन केले. मी संग्रहालयाच्या धर्तीवर रकाने आखले होते: तुकडा, रंग, वीण, एका सेंटीमीटरात धागे किती. आईचे ऐकता ऐकता मला उजवीकडे आणखी एक रकाना पाडावा लागला आणि त्यावर मी 'हाताला कसे' असे लिहिले. तो रकाना मी पाहिलेल्या कुठल्याही नोंदीत नव्हता. त्यात आता 'धुऊन धुऊन सायीसारखे झालेले' आहे, 'उन्हात वाळलेल्या केळीच्या पानासारखे' आहे आणि एके ठिकाणी नुसतेच 'आईचे' असे आहे.

त्या नोंदींविषयीची माझी एक जुनी तक्रार मी तिला सांगितली. इतक्या सुंदर कापडांखाली वस्तू कोणती, कशाची, कुठली हे सगळे असते, दान करणाऱ्याचे नाव असते, पण विणणाऱ्याच्या नावापुढे 'अज्ञात' लिहिलेले असते. विकत घेणाऱ्यांनी कुणालाही विचारले नाही, हे मला दर वेळी खुपते, असे मी म्हणाले. आई ऐकत होती आणि तिचा हात डाव्या कोपऱ्याकडे सरकत होता. तिथल्या लाल तुकड्यावर तो थांबला.

"हे आपल्या घरचं नव्हे," ती म्हणाली.

तो तुकडा मी कितीदा पाहिला होता: लाल जमिनीवर पांढऱ्या चौकड्या, जाड सूत, घट्ट वीण, एका सेंटीमीटरात मोजून अठरा धागे. गावडा आणि कुणबी समाजातल्या बायका नेसत ते कापड. गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले, खांद्यावर गाठ मारलेले. त्या गाठीला देठली म्हणतात. माझ्या लहानपणी भाताच्या लावणीला आमच्या शेतात अशी आठदहा लाल कापडे एका रांगेत वाकलेली दिसत, आणि चिखल, कोवळा हिरवा तरवा आणि तो लाल रंग हे तीन रंग एकत्र आठवले की माझ्यासाठी आषाढ सुरू होतो. पुढे ते कापड गोव्यातून जवळजवळ नाहीसे झाले. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणून घ्यायचा ध्यास घेतला आणि २०१० मध्ये दिल्लीच्या मंचावर आणले. २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. आता ते कापड शहरातल्या दुकानांत मिळते, मऊ सुताचे, पूर्ण लांबीचे, निरनिराळ्या रंगांत. ते वाचले याचा मला खरोखर आनंद आहे. मी एक घेतलेही आहे. पण आईला ते दाखवले तेव्हा तिने चिमटीत धरून लगेच सोडले होते आणि "हे चिखलात टिकणार नाही," एवढेच म्हटले होते.

वाकळीतला तुकडा एका बाईचा होता. ती लावणीला, कापणीला, मळणीला आमच्याकडे येई. वाकळीच्या कोपऱ्यांना दणकट कापड हवे म्हणून आजीने एका चतुर्थीला तिला नवे कापड दिले आणि अंगावरचे जुने मागून घेतले. त्या बाईने ते धुऊन, घडी घालून, दुसऱ्या दिवशी आणून दिले. आईला ती घडी आठवते. तिने ती मागच्या दारी पायरीवर ठेवली, हातात दिली नाही, हेही आठवते; आमच्या घरात त्या काळी हातात घेत नसत. हे सांगताना आईचा आवाज खाली गेला. मी तिला त्या बाईचे नाव विचारले. आई बराच वेळ गप्प राहिली. "आम्ही 'गे' म्हणूनच हाक मारायचो," ती म्हणाली. "नाव होतं की तिला. कसं नसेल?"

वहीतल्या त्या ओळीपुढे 'अज्ञात' हा शब्द लिहायला माझा हात झाला नाही.

त्या कापडाने चार कोपरे राखले म्हणून मधले आमच्या घरचे तुकडे साठ वर्षे टिकले. फोर्ब्स वॉटसनने न विचारलेल्या नावांचा हिशेब मी दोन वर्षे मांडत होते आणि आमच्या मागच्या दारच्या पायरीवर एक नाव तसेच राहिले होते. आम्हीही तिचे कापड घेतले, त्याचा उपयोग केला, ते नीट जपले, आणि नोंद केली नाही. परके लोक लांबचे होते. ही बाई तर वर्षातून कितीतरी दिवस आमच्या अंगणात होती, तिने आमचे भात लावले, त्या भाताच्या पेजेवर मी वाढले. आईने त्या दिवशी वाकळीची घडी घालू दिली नाही. दिवेलागण होईपर्यंत ती त्या लाल कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसली होती, आणि त्या वेळीही तिची नजर वाकळीवर नव्हती, समोरच्या पावसावर होती.

जुने कापड कसे सांभाळावे ते मी वाचलेले आहे. घडी घालू नये, नळीवर गुंडाळावे, मधे आम्लरहित कागद ठेवावा, उजेड पन्नास लक्सपेक्षा जास्त नसावा, हवेतला दमटपणा स्थिर ठेवावा. मी मलमलीचे कापड आणि पुठ्ठ्याची नळी आणूनही ठेवली होती. आईने नळी पाहिली, वाकळ पाहिली आणि रात्री ती वाकळ पायांवर घेऊन झोपली. तेव्हापासून ती तिच्याकडेच आहे. मला भीती वाटते, कारण मधला एक धावदोरा सैल झाला आहे आणि नायलॉनच्या तुकड्याशेजारचे सुती कापड आता जाळीसारखे विरले आहे. मी दर रविवारी तिच्या उशाशी बसून सुईत दोरा ओवून देते आणि ती चाचपत चाचपत दोनचार टाके घालते. टाके वाकडे जातात. मी ते उसवत नाही.

त्या बाईसाठी आम्ही विचारपूस सुरू केली आहे. त्यांच्या वाड्यावरची जुनी घरे आता तिथे नाहीत, माणसे पांगली आहेत, आणि आईच्या वयाच्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. तिच्याबरोबर लावणीला येणारी एक वृद्धा पलीकडच्या गावी लेकीकडे असते असे कळले. पाऊस कमी झाला की आईला तिथे न्यायचे आहे. वाकळ बरोबर न्यायची असा आईचा हट्ट आहे. फोटो दाखवू, असे मी सुचवले होते. तिने मान हलवली. परवा जेवताना तिचा घास हातात थांबला आणि ती म्हणाली की त्या बाईच्या धाकट्या मुलाचे नाव आठवले, शेंबडा, कुरळ्या केसांचा, बांधावर बसून असायचा. ते नाव मी वहीत, त्या लाल तुकड्याच्या ओळीत, कडेला बारीक अक्षरांत लिहून ठेवले. तिचे नाव आईला अजून आठवलेले नाही.